ताटाकडे नको, हातांकडे बघ

बारावीची परीक्षा दिलेल्या एका मुलीने विचारलंय: शेफ आणि रेस्टॉरंटवरचे दोन-तीन चित्रपट बघितले आणि या लाइनचं वेड लागलं. हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. आणखी कोणते बघू? त्यात दाखवतात तसं खरंच असतं का? आणि आई-बाबा नको म्हणतात, त्यांना दाखवण्यासारखा एखादा आहे का?

मी २६ वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली. आधी मुंबई, मग दुबई, मग पुणे. आता शिकवते. दरवर्षी पहिल्या दिवशी मुलांना विचारते की इकडे का आलात, आणि बरीच मुलं कुठल्या ना कुठल्या चित्रपटाचं नाव घेतात. त्यामुळे तुझा प्रश्न मला अजिबात पोरकट वाटत नाही. सविस्तरच सांगते.

आधी एक सवय लावून घे. असा चित्रपट बघताना ताटाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. ताट कॅमेऱ्यासाठी हवं तसं सजवता येतं. जाहिरातींत तर दुधाच्या जागी पांढरा गोंद आणि आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा वापरायची पद्धत जुनी आहे, कारण दिव्यांच्या उष्णतेत खरं आइस्क्रीम तग धरत नाही. हातांचं तसं नाही. कांदा धरलेली बोटं आत वळवलेली आहेत का, झाकण उघडताना वाफ स्वतःपासून लांब सोडली का, गरम कढई उचलायला फडकं कोरडं घेतलं की ओलं, एवढ्यावरून माणूस किचनमध्ये उभा राहिलाय की नाही ते कळतं. (ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो. हे पहिल्याच आठवड्यात शिकशील.)

या कसोटीला पुरेपूर उतरणारा चित्रपट म्हणजे आंग ली यांचा 'ईट ड्रिंक मॅन वूमन', १९९४ चा. तैपेईमधला चू नावाचा म्हातारा होत चाललेला मोठा आचारी. बायको वारलेली, तीन मुली, आणि दर रविवारी घरी जेवणाचा प्रचंड थाट. सुरुवातीची काही मिनिटं तो नुसता रांधतो. मासा पाण्यातून काढून साफ करतो, भाज्या चिरतो, बदकाच्या कातडीखाली फुंकर घालून हवा भरतो. पडद्यावर दिसणारे पुष्कळसे हात अभिनेत्याचे नसून खऱ्या आचाऱ्यांचे आहेत, आणि ते जाणवतं. घाई कुठेच नाही, पण एकही हालचाल वाया जात नाही. एक पदार्थ उकळतोय तोवर दुसरा चिरून झालेला असतो. गॅस पेटवायच्या आधी सगळं निवडून, चिरून, मोजून हाताशी मांडून ठेवणं, ज्याला आम्ही 'मिझ आँ प्लास' म्हणतो, ते मी मुलांना याच प्रसंगावरून शिकवते. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवते.

पण या चित्रपटाने मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. चूच्या जिभेची चव गेलेली आहे. इतका मोठा वस्ताद, आणि मीठ बरोबर पडलं की नाही हे त्याला त्याचा जुना सहकारी वेन चाखून सांगतो. २०२१ मध्ये मला करोना झाला तेव्हा सात आठवडे वास गेला होता. रस्सा उकळतोय हे दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि नाकाला काहीच नाही. मी मीठ वजनावर घालायला लागले, लिटरमागे ग्रॅम मोजून. चाखायला माझ्या हाताखालच्या एका मुलाला उभं केलं. तो घाबरत घाबरत म्हणायचा, "मॅडम, थोडं आमसूल लागेल." त्या सात आठवड्यांत तो मुलगा खरा तयार झाला, आणि मी त्याच्यावर विश्वास टाकायला शिकले. चू आणि वेन यांचे प्रसंग मी त्यानंतर पुन्हा बघितले तेव्हा वेनकडे जास्त बघत होते.

त्यातच आणखी एक प्रसंग आहे. हॉटेलात मोठी मेजवानी चालू आहे, मुख्य पदार्थ बिघडतो आणि चूला घरून बोलावतात. तो येतो आणि बिघडलेल्या मालाचा दुसराच पदार्थ करून वेळ मारून नेतो. हे शंभर टक्के खरं. बुफेवर पनीर फुटलं, बिर्याणीचा भात मोडला, चारशे पानं बसायची आहेत, अशा वेळी माणूस किती मुरलेला आहे ते दिसतं.

आता 'बिग नाइट', १९९६. स्टॅन्ली टुची आणि कॅम्पबेल स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला. १९५० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर दोन इटालियन भाऊ रेस्टॉरंट चालवतात. थोरला प्रिमो रांधतो, धाकटा सेकोंदो गल्ला आणि गिऱ्हाइकं सांभाळतो. रेस्टॉरंट बुडतंय. सुरुवातीलाच एक बाई रिझोतो मागवते, तो यायला वेळ लागतो म्हणून कुरकुरते आणि वर त्याच्यासोबत स्पॅगेटीही मागते. भातासोबत शेवया. प्रिमो आतून भडकतो, सेकोंदो म्हणतो की मागतायत तर देऊन टाक. तू या लाइनमध्ये आलीस तर हा वाद रोज ऐकशील, आणि दोघांचंही बरोबर असतं. प्रिमोचं ऐकलं तर भाडं थकतं. सेकोंदोचं ऐकत राहिलं तर काही वर्षांनी तुझ्या मेन्यूवर तुझं म्हणावं असं काही उरत नाही. मी दुबईत मालवणी जेवणाचं काउंटर चालवलं तेव्हा सोलकढीत साखर घाला, असं रोज कोणीतरी सांगायचं. पहिले दोन महिने मी घातली नाही. तिसऱ्या महिन्यात चिमूटभर घातली. अजून मनाला लागतं ते.

या चित्रपटातलं मोठ्ठं 'तिंपानो' सगळ्यांच्या लक्षात राहतं. पास्ता, अंडी, मांसाचे गोळे असं सगळं पिठाच्या पारीत भरून नगाऱ्याच्या आकाराचं भाजलेलं. तू मात्र शेवट बघ. मेजवानीची रात्र संपलीय, भावांचं कडाक्याचं भांडण झालंय, सकाळ झालीय. सेकोंदो किचनमध्ये येतो, अंडी फोडतो, फेटतो, तेल तापवतो, ऑम्लेट करतो. तिथे झोपलेल्या वेटरला देतो, स्वतः घेतो, एक वाटा ठेवतो. प्रिमो येतो, त्याला वाढतो. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, पाचेक मिनिटं एकच सलग दृश्य, बोलणं नाहीच म्हटलं तरी चालेल. सर्व्हिस संपल्यावर किचनमधली माणसं काय खातात, कशी खातात, हे इतकं खरं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. चारशे लोकांना जेवू घालून रात्री साडेबाराला आम्हीही उभ्यानेच अंडं-पाव खायचो. मघाशी एकमेकांवर ओरडलेले दोघं एकाच ताटलीतून.

ओरडण्यावरून सांगते. 'बर्न्ट' (२०१५) तू कदाचित बघितलाच असशील, कारण मुलांना तो आवडतो. ब्रॅडली कूपरचा शेफ प्लेटा भिंतीवर आपटतो, हाताखालच्या बाईच्या अंगावर धावून जातो, आणि चित्रपट हे त्याच्या प्रतिभेचं लक्षण असल्यासारखं दाखवतो. अशा माणसांच्या हाताखाली मी काम केलंय. त्यांच्या किचनमध्ये लोक चुका लपवतात, आणि लपवलेली चूक गिऱ्हाइकाच्या पोटात जाते. असा शेफ भेटला तर त्याच्याकडून जेवढं शिकता येईल तेवढं शिक आणि सहा महिन्यांत दुसरी नोकरी बघ.

दबाव म्हणजे काय हे प्रामाणिकपणे बघायचं असेल तर 'बॉयलिंग पॉइंट' (२०२१). दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी, मुख्य भूमिकेत स्टीफन ग्रॅहम. लंडनमधल्या एका खऱ्या रेस्टॉरंटमध्ये, सुमारे दीड तासाचा अख्खा चित्रपट एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय. दिग्दर्शकाने स्वतः अनेक वर्षं किचनमध्ये काम केलेलं आहे. म्हणूनच चित्रपट सुरू होतो तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीने: स्वच्छतेची तपासणी करणारा अधिकारी आलाय आणि रेस्टॉरंटचं मानांकन ५ वरून ३ वर आणतोय, त्यात नोंदी नीट न ठेवल्याचंही कारण आहे. फ्रिजचं तापमान, माल उघडल्याची तारीख, कुठल्या डब्यात काय. ही वही भरायला नवी मुलं किती टाळाटाळ करतात! पुढे त्या चित्रपटात अ‍ॅलर्जी असलेल्या बाईच्या ताटात नको तो पदार्थ जातो. कोणा एकाची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही. निरोप चार तोंडांतून जाताना थोडा थोडा गळत गेलेला असतो.

हे माझ्यासमोर घडलंय. मी सूस शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालची शेफ होते, एका हॉटेलात मुंजीची पार्टी होती. दहाएक वर्षांच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, असा निरोप होता. वेटरने तो तोंडी सांगितला, केओटीवर, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहिला नाही. ज्याला सांगितला तो शिफ्ट संपवून गेला. हिरव्या चटणीत दाटपणासाठी दाण्याचं कूट होतं. मुलाचे ओठ सुजले, घशातून घरघर यायला लागली. दवाखाना जवळ होता, मुलगा वाचला. ती चटणी मी स्वतः चाखून 'ओके' म्हणून पुढे पाठवली होती. तेव्हापासून माझ्या किचनमध्ये अ‍ॅलर्जीचा निरोप तोंडी चालत नाही. लाल पेनने केओटीवर, आणि ज्याने वाचला त्याची सही. 'बॉयलिंग पॉइंट' बघताना मी दोनदा उठून बाहेर गेले. तू पूर्ण बघ.

आता त्याच्या अगदी उलट, शांत चित्रपट. 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' (२०११), डेव्हिड गेल्ब यांचा माहितीपट. टोकियोच्या गिंझा भागात दहा खुर्च्यांचं दुकान आणि पंच्याऐंशीच्या घरातले जिरो ओनो. बहुतेक लोक त्यांच्याकडे बघतात. तू त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलांकडे बघ. नवा मुलगा आला की आधी गिऱ्हाइकांसाठी गरम टॉवेल हाताने पिळायला शिकतो, हात भाजेपर्यंत. ऑक्टोपस ४०-५० मिनिटं चोळत बसतात, तो रबरासारखा लागू नये म्हणून. आणि नाकाझावा नावाचा उमेदवार अंड्याची वडी करतो आणि ती नापास होते, पुन्हा करतो, पुन्हा नापास. दोनशेहून जास्त वेळा. शेवटी वस्ताद 'हे जमलं' म्हणतात तेव्हा तो रडतो. पुढे २०१३ मध्ये याच माणसाने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं सुशीचं रेस्टॉरंट काढलं. जिरो स्वतःच सांगतात की माशाचा तुकडा माझ्या हातात येईतो बहुतेक काम होऊन गेलेलं असतं.

याच जपानमधला, मला फार जवळचा वाटणारा 'आन', नाओमी कावासे यांचा २०१५ चा. इंग्रजी नाव 'स्वीट बीन'. गोड पुऱ्यांसारख्या दोन चकत्यांमध्ये लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण भरतात, दोरायाकी म्हणतात त्याला. दुकानदार सारण कारखान्यातून डब्यात आलेलं वापरतो. तोकुए नावाची म्हातारी नोकरी मागायला येते, बोटं वाकडी झालेली, आणि सूर्य उगवायच्या आधीपासून सारण शिजवायला शिकवते. पातेल्यावर वाकून ती दाण्यांचं काय चाललंय ते ऐकते. साखर घातल्यावर लगेच ढवळत नाही, दाण्यांना आणि साखरेला ओळख व्हायला वेळ देते. तिच्या हातांमागची गोष्ट चित्रपटातच कळू दे. जपानमध्ये कुष्ठरोग्यांना वेगळं कोंडून ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत होता, एवढंच सांगते.

तू घरी पुरण केलं असशील तर तोकुए काय करते हे तुला कोणी समजावून सांगायला नको. डाळ बोटाने चिरडली जाईपर्यंत शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडला की डाळ पुढे मऊ होत नाही. मग आटवताना आवाज बदलत जातो. आधी पातळ बुडबुडे, मग जड 'फट्‌ फट्‌', आणि अंगावर उडणारे चटके. उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. माझी आजी पाठमोरी भाकऱ्या थापत असायची आणि म्हणायची, "आता उतरव, आवाज आला." मी हॉटेलात पहिल्यांदा दहा किलो डाळीचं पुरण केलं तेव्हा थर्मामीटर नव्हता, तिचा आवाजच कामी आला.

तू मुलगी आहेस, म्हणून 'रॅटाटुई' (२००७) बघच, आधी बघितला असशील तरी पुन्हा. कार्टून म्हणून सोडून देऊ नकोस. थॉमस केलर या नामांकित शेफच्या मार्गदर्शनाने त्यातलं किचन उभं केलंय. कोलेट नावाची मुलगी नव्या पोराला शिकवते ते सगळं आम्ही आजही शिकवतो: काम करता करता जागा साफ करत जा, कोपर अंगाशी ठेव, अ‍ॅप्रन मळला तरी बाह्या स्वच्छ राहिल्या पाहिजेत. त्या किचनमध्ये ती एकटीच बाई आहे, आणि तिथवर यायला काय सोसलं ते ती सुरी आपटत सांगते. मी पहिल्या नोकरीत हॉट रेंज, म्हणजे शेगडीवरचं काम, मागितली तेव्हा मला बेकरीत पाठवलं होतं. मुलींना तंदूर झेपत नाही म्हणे. दीड वर्ष मागत राहिले. आज माझ्या वर्गातल्या मुली सरळ तंदूरवर उभ्या राहतात, पण विचारायला अजूनही लागतं. लाजू नकोस, विचार.

आणि 'द ग्रेट इंडियन किचन', जिओ बेबी यांचा २०२१ चा मल्याळम चित्रपट. यात रेस्टॉरंट नाही. केरळमधलं एक घर, नवी सून, तिला चित्रपटभर नावसुद्धा नाही. सासऱ्यांना भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचा लागतो. चटणी मिक्सरवरची चालत नाही, पाट्यावरची लागते. पुरुष जेवून उठतात आणि चोखलेल्या शेवग्याच्या शेंगा टेबलावर तशाच. सिंकखालचा पाइप गळतोय, ती खाली भांडं ठेवते, नवऱ्याला रोज आठवण करते, प्लंबर येत नाही. ते घाण पाणी, ओलं पोतेरं, हाताला येणारा वास हे पुन्हा पुन्हा दाखवलंय, आणि बघणाऱ्याला नको होतं. नको व्हायलाच पाहिजे.

तुझ्यासाठी हा का? कारण रांधण्याइतकंच काम मोरीत असतं आणि इतर सगळे चित्रपट तिथे पोचायच्या आत संपतात. हॉटेलात भांडी घासणाऱ्यांचा वेगळा विभाग असतो, त्यांना पगार कमी आणि मान त्याहून कमी. एक दिवस ते आले नाहीत तर दुपारी दोनला सर्व्हिस बंद पडते. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिला आठवडा तिथेच उभं करते. कोणाच्या ताटात काय उरतं, कुठली भाजी न खाता परत येते, हे शेफपेक्षा त्यांना आधी माहीत असतं.

'द लंचबॉक्स' (२०१३) मधल्या इलालाही नेमकं तेच कळतं. मुंबईतला डबा चुकून परक्या माणसाकडे जातो आणि चाटूनपुसून परत येतो, तेव्हा तिचा चेहरा बघ. डबा करणाऱ्या बाईला खाणारा कधी दिसत नाही, रिकामा डबा हाच काय तो निरोप. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू, ज्यांचा फक्त आवाज येतो आणि तो भारती आचरेकरांचा आहे, नुसत्या वासावरून भाजीत काय कमी पडलं ते सांगतात. मराठीत सचिन कुंडलकरांचा 'गुलाबजाम' (२०१८) आहेच, लंडनहून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात आलेला मुलगा आणि डबे करणारी राधा. आपल्या साध्या वरणभाताला त्यात जी प्रतिष्ठा दिलीय त्यासाठी बघ. 'टॅम्पोपो' (१९८५) आणि 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) सुट्टीत बघ, सावकाश. 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' (२०२३) पोट भरलेलं असताना बघू नकोस, उपाशीपोटीही नको.

आता घरच्यांचं. एखादा चित्रपट बघून आई-बाबा हो म्हणतील असं मी सांगणार नाही. त्यांची काळजी कामाचे तास, पगार आणि रात्री उशिरा परत येणं याची आहे, आणि ती खरी आहे. पहिल्या नोकरीत १०-१२ तास उभं राहावं लागतं, सणावाराला सुट्टी नसते. हे तू स्वतः त्यांना आधी सांग, लपवू नकोस. पण आईसोबत 'ईट ड्रिंक मॅन वूमन' जरूर बघ. त्यात मधल्या मुलीला रांधायची मनापासून हौस आहे, हात आहे, आणि बापानेच तिला लहानपणी किचनमधून बाहेर काढलंय, चांगली शिकलीसवरलेली नोकरी करावी म्हणून.

माझ्या आईला मी हा चित्रपट दाखवला तेव्हा ती ६४ वर्षांची होती आणि माझ्या नोकरीबद्दल वीस वर्षांत तिने फारसं काही विचारलं नव्हतं. सबटायटल्स वाचता येईनात, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. बदकाचा प्रसंग आला तशी तिने थांबवायला लावलं.

"हवा कशाला भरतोय गं?"

कातडी मांसापासून सुटते, खालची चरबी भाजताना गळून जाते आणि साल पापडासारखी कुरकुरीत होते, असं मी सांगितलं. तिने तेवढा तुकडा पुन्हा बघितला.

"तुला येतं?"

"येतं."

"कोंबडीवर चालेल का?" ती म्हणाली, आणि पदर खोचून फ्रिज उघडायला उठली.